तीन हजारांतले दोनशे

यंदा भाड्याची बंदूक वापरायची नाही, स्वतःची घ्यायची, एवढंच मी ठरवलं होतं. बंदूक म्हणजे पेंटबॉलची. हवेच्या दाबावर रंगाच्या गोळ्या मारणारी. आमच्या कुटुंबात दरवर्षी हा सामना होतो आणि दरवर्षी मेहुणा मला पहिल्याच मिनिटात रंगवून बाहेर काढतो. शेवटी लेकीने बजावलं, "बाबा, या वेळी पण पहिल्या मिनिटात आउट झालात, तर पुढच्या वर्षी मी मामाच्या टीममध्ये." पोटची पोर पक्ष बदलणार म्हटल्यावर मी तडक दुकान गाठलं.

दुकानदाराने हवेच्या दोन टाक्या पुढे ठेवल्या. "ही स्टीलची. मजबूत, पण जड. पळताना जाणवेल."

"मी फारसा पळत नाही."

"मग लपताना जाणवेल." (माणूस अनुभवी होता.)

मी कार्बन फायबरची हलकी टाकी घेतली. मग त्याने दाब समजावला. "टाकीत तीन हजार पीएसआय. तिच्या तोंडाशी दाब उतरवणारा रेग्युलेटर आहे, तिथून हवा आठशेने बाहेर येते. बंदुकीचा रेग्युलेटर दोनशेवर ठेवायचा."

"आणि मधले अठ्ठावीसशे जातात कुठे?"

त्याने घाईघाईने बिल करायला घेतलं. त्याचा दोष नाही. मी पाणीपुरवठा खात्यात आहे. टाकीतून सुटलेलं आणि नळाला पोचलेलं यांत फरक दिसला की गळती शोधायची, बावीस वर्षं मी हेच करतोय.

घरी येऊन प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावला. एक बुडबुडा येईल तर शपथ. (गळती नाही आणि माल कमी, याला खात्यात आम्ही चोरी म्हणतो.) मग आपला हक्काचा दाब आपणच वसूल करावा म्हणून बंदुकीचा स्क्रू पिळत काटा साडेपाचशेवर नेला, मास्क चढवला आणि गॅलरीतल्या जुन्या गादीवर नेम धरला. गोळी नळीतच फुटली. रंगाचा फवारा गादी सोडून सगळीकडे गेला.

बायको दारात उभी. ती वॉर्डात नर्स आहे.

"काय चाललंय?"

"गळती शोधतोय."

"सापडली. माझ्या युनिफॉर्मवर आहे."

तिने काटा पाहिला आणि कपाळाला हात लावला. "अहो, आमचा ऑक्सिजनचा सिलिंडर असाच असतो. आत दाब प्रचंड, पेशंटला बेताने. तुमच्या हिशेबाने सगळा एकदम नाकात सोडू का?"

"मग उरलेली हवा?"

"आतच असते. पुढच्या श्वासासाठी."

तिने नळी पुसली, काटा दोनशेवर आणला आणि गोळी मारली. गादीच्या बरोबर मध्यावर. मी मनापासून खजील झालो. पण टाकीतले तीन हजार दर गोळीला किती उतरतात, हा किडा डोक्यात शिरला तो शिरलाच.

सामन्याच्या दिवशी पंचाने गोळीचा वेग मोजून बंदूक पास केली. शिट्टी झाली. मी टायरमागे लपून पाच गोळ्या झाडल्या आणि टाकीचा काटा पाहिला. आकडे बारीक, सावलीत दिसेनात. रीडिंग नेहमी उजेडात घ्यायचं, अशी खात्याची शिस्त. मी उन्हात उभा राहिलो.

पोटावर तीन, मास्कवर एक.

"पंचेचाळीस सेकंद," पंच म्हणाला.

मैदानाबाहेर बसून मी लेकीची वाट पाहत होतो. आता काय ऐकावं लागणार, हे ठाऊकच होतं. ती पळतच आली. अंगावर रंगाचा ठिपका नाही.

"बाबा, आपण जिंकलो. तुम्हाला असं उन्हात काटा वाचत उभं बघून मामाला राहवेना, ड्रममागून अख्खा बाहेर आला. तिथेच टिपला मी त्याला."

"मग पुढच्या वर्षी?"

"तुमच्याच टीममध्ये." तिने माझी टाकी उचलून काटा न्याहाळला. "फक्त याहून बारीक आकड्यांचा मिळतो का बघा."