झुल्याला कठडा

पन्नाशीच्या आसपास माणसाला दोन गोष्टी हमखास होतात : गुडघेदुखी आणि आत्मशोध. पैकी पहिलीवर मलम मिळतं.

आमच्या कचेरीतले कठडे-निरीक्षक हे हाडाचे अधिकारी. शहरातल्या एकूण एक जिन्याचा आणि गच्चीचा कठडा त्यांनी स्वतः हलवून पाहिलेला. (जे हलले, ते पाडले गेले.) अशा माणसाने एके दुपारी डबा उघडता उघडता जाहीर केलं की, लहानपणापासून आपल्याला सर्कशीत झुल्यावर उडायचं होतं आणि आता आपण उडणार. राजीनामा देऊनही झाला होता.

आम्ही भारावलो. म्हणजे ऐंशी टक्के कर्मचारी भारावले. उरलेले जेवत होते.

सर्कशीच्या मालकाने साहेबांना लगेच ठेवून घेतलं. (त्याचा जुना झुलेवाला मनःशांतीसाठी पोस्टात लागला होता.) सराव झाला, पोट आत गेलं, निदान चकचकीत पोशाखात मावलं. पहिल्या खेळाला आम्ही सहकुटुंब हजर. बँड वाजला. साहेब शिडीने थेट तंबूच्या छतापर्यंत चढले, झुला हातात घेतला आणि सवयीने हलवून पाहिला.

हलला.

आता झुला हलणारच, हे तुम्हा-आम्हाला कळतं. पण हलेल ते धोकादायक, असं जन्मभर लिहीत आलेला हात तो! साहेबांनी खिशातून लाल पट्टी काढली आणि झुला सील केला. (चकचकीत पोशाखालाही त्यांनी खिसा शिवून घेतला होता.)

"अहो, एकदा तरी स्वतःसाठी डोळेझाक करा की!" खालून साहेबांची बायको ओरडली.

"ओळखीच्या माणसाला सवलत नाही!" वरून उत्तर आलं. झुला मात्र काही हातातून सुटत नव्हता. बिचाऱ्याला खरंच उडायचं होतं हो!

मग रीतसर दुरुस्त्या सुरू झाल्या. झुला जरा खाली घेतला. खाली जाळी बांधली, जाळीखाली गाद्या घातल्या. झुला आणखी खाली घेतला. पाठीला टेकू आला, तिन्ही बाजूंनी कठडा आला, आणि शेवटी हलू नये म्हणून चार कोपऱ्यांना चार पाय आले. साहेबांनी हलवून पाहिला. ढिम्म! तत्काळ मंजुरी दिली.

"साहेब, ही खुर्ची झाली," मालक म्हणाला.

"सुरक्षित झुला म्हणा," साहेब म्हणाले.

हल्ली रोज संध्याकाळी बँड वाजतो आणि साहेब झुल्यावर बसतात. तंबूत पाय ठेवायला जागा नसते. प्रेक्षक बहुतेक चाळिशीपुढचे. साहेब बसले की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो, काहींचे डोळे भरून येतात. बायको पहिल्या रांगेत असते. ती टाळ्या वाजवत नाही.

तुम्ही हसताय. हसा, हसा. पण झुला पहिल्यांदा खाली आला तेव्हा तुम्हालाही हायसं वाटलंच ना? मग लाजायचं कशाला! साहेबांनी तुमच्या मापाचा एक करून ठेवलाय, कठडाही लावून झालाय. तुमचं स्वप्न नक्की काय होतं, तेवढं आठवलं की कळवा.