वायफायचा खून आणि अडलेला सत्कार

संपूर्ण मराठवाड्यात आपल्या नजरेतून काहीही सुटत नाही, असं आमचे अप्पाराव साहेब रोज सांगतात. चितेगावच्या आमच्या कारखान्याचे ते सुरक्षा अधिकारी. व्हिजिटिंग कार्डावर मात्र 'खासगी गुप्तहेर' छापलंय. मी त्यांच्या हाताखालचा गार्ड, म्हणजे त्यांच्या भाषेत सहायक. मागच्या महिन्यात भंगाराचा अख्खा टेम्पो चोरीला गेला, पण तोही त्यांच्या नजरेतून सुटला नाही. गेटमधून सुटला.

शनिवारी दुपारी कारखान्याचं वायफाय मेलं. पूर्वी सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड होता आणि तो समोरच्या चहावाल्यालाही पाठ होता. म्हणून आयटीच्या करुणा मॅडमनी सर्व्हर बसवला. प्रत्येकाला बंद पाकिटात स्वतःचं नाव नि पासवर्ड; सर्व्हरला ओळख पटली तरच आत प्रवेश. आता तो कुणालाच ओळख दाखवेना.

अप्पारावांनी सर्व्हरचा वास घेतला आणि परकीय शक्तींचं नाव घेतलं. मग शहागंजातल्या स्वस्त चार्जरवर संशय गेला. शेवटी त्यांना साक्षात्कार झाला, की स्टोअरचे काकासाहेब आजच निवृत्त होतायत आणि वायफायही आजच गेलंय.

"सूड," ते म्हणाले.

मालकांना पटलं. जोरात बोललेलं त्यांना नेहमीच पटतं. त्यांनी निरोपाचा सत्कार थांबवला. जन्मभर इमानेइतबारे नोकरी केलेला माणूस बाहेर बाकावर बसून राहिला, शेजारी करमाडहून नटून आलेल्या त्यांच्या पत्नी, सारजाबाई. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

करुणा मॅडमनी कशाचाच वास घेतला नाही. सगळ्यांना बोलावून आपापल्या नावानं वायफायच्या आत जायला सांगितलं. कुणी हलेना. बहुतेकांनी पाकीटच फोडलं नव्हतं. अख्खा कारखाना काकासाहेबांच्या नावानं आत जात होता, आणि निवृत्ती म्हणून मॅडमनी नियमाप्रमाणे त्यांचं खातं दुपारी बंद केलं होतं.

"हातमोजे मागितले, दिले. पाना मागितला, दिला," काकासाहेब म्हणाले. "पासवर्ड मागितला तर नाय कसं म्हणावं?"

आपल्याला हा संशय पहिल्यापासूनच होता, असं अप्पाराव सांगू लागले. मॅडमनी त्यांचा मोबाइल मागून घेतला. त्यातही नाव काकासाहेबांचंच.

सत्कार झाला. शाल पांघरल्यावर काकासाहेबांना चार शब्द बोलायला सांगितलं.

"दिलेली वस्तू इथं कुणी परत करत नाय," ते म्हणाले. "नाव तेवढं परत मिळालं. घेऊन जातो."

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. अप्पारावांनी उभं राहून केस सुटल्याचं जाहीर केलं.