नामदेव रोकडे आणि सहा शिंपले

मुंबईत पंधरा वर्षं नोकरी करून तिथल्या पाण्याचा एक घोटही न घेतलेला माणूस मी एकच पाहिला, नामदेव रोकडे. तानसा धरणाजवळच्या गावात आमची घरं समोरासमोर, आणि नोकरीही एकाच ठिकाणी, समुद्राचं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत. मी कारकून, तो टाक्या धुणारा, तोही हंगामी. रोज त्याच्या खांद्याला घरच्या विहिरीच्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन.

"अरे बाबा, मुंबईच्या नळालाही तानशाचंच पाणी येतं की," मी वैतागून म्हणायचो.

"पायपात शिरलं का ते आपलं नाय ऱ्हात, भाऊ."

आता बोला. मी नाद सोडला.

नव्वदीच्या दशकात आमच्या मॅडमनी एक नवीन प्रयोग सुरू केला. खाडीचं पाणी पंपाने एका टाकीत आणायचं, त्यात सहा शिंपले ठेवायचे. प्रत्येकाच्या कवचाला लोहचुंबकाचा बारका तुकडा आणि वायर. पाणी चांगलं असेल तर शिंपला तोंड किंचित उघडून निवांत बसतो, वाईट काही आलं की मिटतो, आणि इकडे यंत्राच्या कागदावर त्याची रेघ खाली येते. सहाही एकदम मिटले की मॅडम खाडीत तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, वेचणाऱ्या बायकांना निरोप धाडत, आज वेचू नका.

नामदेवला हे भलतंच पटलं. सकाळी आल्या आल्या तो शिंपल्यांना जय भीम घालायचा. "यंत्राला काय कळतंय? ह्यांना इचारा," हे त्याचं पालुपद. पुढे तो माणसंही तशीच वाचायला लागला. एका बारशाला आमची ही गप्प बसलेली पाहून माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "भाऊ, वहिनी मिटल्यात. घरातल्या पाण्यात कायतरी हाय." होतंच. सकाळी मी तिच्या भावाबद्दल बोलायला नको ते बोललो होतो.

मग एका मे महिन्यात वीज गेली. पंप बंद, यंत्र बंद, टाकीतलं पाणी तापलेलं. शिंपले तोंडं वासून पडले. मी दारात उभा असताना नामदेवने इकडेतिकडे न बघता खांद्यावरचा कॅन काढला आणि अख्खा टाकीत रिकामा केला.

वीज आली तेव्हा सहाही रेघा तळाला. खाडीत कुणीतरी विषारी पाणी सोडलं असं समजून मॅडमनी ताबडतोब निरोप पाठवला. ओहोटी नुकती लागलेली, त्या बायका टोपल्या रिकाम्याच घेऊन परतायला लागल्या.

नामदेवचा कायम होण्याचा कागद त्याच आठवड्यात सहीसाठी मॅडमच्या टेबलावर होता. मी त्याचं मनगट धरलं. "गप बस. एखाद्या कारखान्याच्या नावावर खपून जाईल."

त्याने हात सोडवला आणि सरळ आत गेला. "मॅडम, कारखान्याचं काय नाय. पानी मी घातलं. त्या बायांना परत बोलवा."

"समुद्रातल्या जिवाला गोडं पाणी? मारायचंय का त्यांना?"

"तानशाचं व्हतं, मॅडम," नामदेव गोंधळून म्हणाला. त्या पाण्याने कुणाचं वाईट होऊ शकतं हे त्याच्या डोक्यातच शिरत नव्हतं.

ओहोटी संपायच्या आत दुसरा निरोप गेला, बायका परत चिखलात उतरल्या. टाकीत खाडीचं ताजं पाणी आल्यावर शिंपलेही उघडले. नामदेवचा कागद मात्र मॅडमनी टेबलावरून उचलून कपाटात ठेवला आणि चांगला महिनाभर बाहेर काढला नाही.

त्या संध्याकाळी आसनगाव स्टेशनबाहेर गावच्या जीपची वाट बघत मी त्याच्यावर घसरलो. "कशाला टाकीत पाणी ओतायला गेलास? नोकरी गेली असती."

त्याने रिकामा कॅन खांद्यावरून उतरवून पायाशी ठेवला. मग म्हणाला, "सुमनचं पोटाचं आपरेशन झालं ना, तवा डाक्टर बोलला, पान्याचा थेंब द्यायचा नाय. ती अशीच तोंड उघडं टाकून माझ्याकडं बघत व्हती, दोन दिस. उशाशी तांब्या भरलेला. मी नाय दिलं, भाऊ. तिसऱ्या दिवशी गेली."

पंधरा वर्षांत त्याने बायकोचा विषय काढल्याचं मला आठवत नाही.

"तुमी शिकलेले. दिलं असतं तर वाचली असती?"

मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तरी मी ठामपणे म्हणालो, "नाही. तू दिलं नाहीस म्हणून ती दोन दिवस तरी काढू शकली. डॉक्टर मला स्वतः म्हणाले होते."

मी त्या डॉक्टरांचं तोंडही कधी पाहिलं नव्हतं.

"खरं?" नामदेवने विचारलं.

"तुझी शपथ," मी म्हणालो.

तो रस्त्याकडेलाच खाली बसला आणि ढसाढसा रडला. मीही शेजारी बसलो. आमच्या गावच्या तीन जीपा भरून निघून गेल्या.