नऊ नंबरची टाकी

सोमवारी सकाळी मत्स्यालयातली नऊ नंबरची टाकी गळायला लागली, म्हणून तिच्यातला ऑक्टोपस चार नंबरमध्ये हलवला. चारमधले जेलीफिश सातमध्ये गेले, सातमधले समुद्री घोडे मागच्या खोलीत. टाक्यांसमोरची बटणं मात्र जागच्या जागी राहिली. बटण दाबलं की माहिती ऐकू येई. आवाज गाईडकाकांचा होता. ते तीन महिन्यांपूर्वी वारले होते. तिकीट खिडकीवर त्यांची मुलगी बसे.

दुपारी एक शिक्षिका खिडकीशी आल्या. "अहो, त्या आठ हातवाल्यासमोर तुमचा माणूस सांगतोय, याला हृदय नाही, मेंदू नाही. पोरांनी वहीत उतरवून घेतलं! आणि जेलीफिशमध्ये म्हणे बाप बाळंत होतो."

"बाप बाळंत होतो हे खरं आहे," मुलगी म्हणाली. "फक्त तो बाप सध्या मागच्या खोलीत आहे."

व्यवस्थापकांनी तक्रार वाचली. "सगळं नव्याने रेकॉर्ड करू. शुक्रवारी एक बाई येतील. गोड आवाज आहे."

"आणि जुनं?"

"पुसायचं. मशीनमध्ये जागा कुठाय?"

घरी वडिलांचे फोटो होते, चष्मा होता. आवाज कुठेच नव्हता.

"साहेब, वायरी बदलून बघू या ना. माहिती बरोबर आहे, नुसता पत्ता चुकलाय."

गुरुवारी वायरमन आला. ऑक्टोपसची माहिती त्याने चारला जोडली, जेलीफिशची सातला. समुद्री घोड्याची वायर हातात उरली.

"ताई, ही कुठे लावू?"

"जिथे मोकळं असेल तिथे लावा."

मोकळी होती ती नऊ नंबरची टाकी. तळाशी वीतभर पाणी आणि चार दगड.

शुक्रवारी तिच्यासमोर गर्दी हटेना. गाईडकाका सांगत होते, "घाई करू नका. हा चटकन दिसत नाही. रंग बदलतो, आसपासच्या वस्तूंत मिसळून जातो. नीट बघा."

लोक काचेला नाक लावून नीट बघत होते. एका आजोबांना तर दोन दिसले. टाकी स्वतः रिकामी करवून घेतलेले व्यवस्थापकही दहा मिनिटं वाकून उभे राहिले.

"तो डावीकडचा दगड," ते हळूच म्हणाले, "हलल्यासारखा वाटला."

गोड आवाजाच्या बाईंना त्यांनी चहा पाजून परत पाठवलं.

संध्याकाळी मुलीची आई आली. तिने बटण दाबलं आणि शेवटपर्यंत ऐकलं. काकांनी हे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून रेकॉर्ड केलं होतं, त्यामुळे शेवटी आईचाच आवाज होता, "जेवायला येताय ना?" आणि त्यांचा, "आलो, दोन मिनिटं."

"दोन मिनिटं म्हणे," आई म्हणाली. "चांगला पाऊण तास लावला. भाजी गार झाली."

ती काचेसमोरून हलली नाही.

"आई, अगं टाकी रिकामी आहे."

आईने पुन्हा बटण दाबलं.

"घाई करू नका म्हणतायत ना ते? नीट बघ."