चौथ्या मजल्याची चढाई

संध्याकाळी कामावरून दमून घरी येताना आमच्या इमारतीतला प्रत्येक माणूस देवाकडे एकच मागायचा, की जिन्यात आपल्यापुढे भाऊ परुळेकर नसावेत. ते असले की संपलंच. जिना जेमतेम दोन माणसांचा आणि भाऊ बरोबर मधोमध. एक पाय वरच्या पायरीवर ठेवायचा, त्यावर सगळा भार टाकायचा, श्वास घ्यायचा आणि मग सवडीने दुसरा पाय उचलायचा. हातात भाजीची पिशवी, खांद्याला मिलिटरीवाल्यांची असते तसली पाण्याची बाटली. मागून कुणी घसा खाकरला तर मान न वळवता म्हणायचे, "पोले पोले!"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ती शिवी वाटली. मी तेव्हा मुलुंडला नवीनच राहायला आलो होतो. शेजाऱ्याने पहिल्याच दिवशी शिवी द्यावी याचं मला वाईट वाटलं आणि मी बायकोला, नलूला, तसं सांगितलंही.

पोले पोले म्हणजे सावकाश, सावकाश. भाषा स्वाहिली. भाऊ मूळचे मालवणकडचे, पण तरुणपणी आफ्रिकेला गेले आणि मोशी नावाच्या गावात घायपाताचे दोर करणाऱ्या कारखान्यात फिटर म्हणून कित्येक वर्षं राहिले. कारखान्याच्या दारातून किलिमांजारो दिसायचा. बाकीचे लोक रविवारी पत्ते कुटायचे आणि भाऊ त्या डोंगराकडे बघत बसायचे. शेवटी एकदा रजा काढून, योहाना नावाचा वाटाड्या आणि दोन हमाल घेऊन ते निघाले. रोज थोडं चढायचं, पत्र्याच्या खोपटात झोपायचं, सकाळी पुन्हा थोडं चढायचं. आधी जंगल, मग झुडपं, मग नुसते दगड, आणि सगळ्यात वर बर्फ.

ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकलीय, की मीच जाऊन आल्यासारखा सांगू शकतो. तिचा शेवट मात्र भाऊंच्याच तोंडून ऐकायला हवा होता.

"शेवटच्या खोपटात योहानानं माझे ओठ बघितले. जांभळे झालेले. मला बोलला, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सरळ चालून दाखव. मी चाललो तो थेट चुलीत. योहाना बोलला, खाली. मग खाली!"

"म्हणजे भाऊ, तुम्ही टोकावर गेलाच नाहीत?"

"टोक सोडून सगळा चढलो."

"मग काय उपयोग?"

"अरे, वाटाड्या खाली बोलला की राजा असला तरी खाली. घाई केली की डोंगर डोक्यात शिरतो. माणूस मरतो. डोंगराचं काय जातंय?"

न गाठलेल्या टोकाचा इतका अभिमान बाळगणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. पुढे तिकडचं सगळं बदललं, भाऊ परत आले, आणि डोंगराची हौस त्यांनी आमच्या जिन्यावर भागवायला सुरुवात केली. आमच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. पहिल्या मजल्यावर टेलिफोन खात्यातले कांबळे राहायचे. त्यांच्या दारात तुळस, मनीप्लांट आणि कसल्या कसल्या कुंड्या, म्हणून तो मजला जंगल. दुसऱ्यावर मणिबेन. त्यांनी गॅलरीत मेथी आणि पुदिना लावला होता, म्हणून तो झुडपांचा प्रदेश. तिसऱ्यावर आम्ही. आमच्या दाराबाहेर चपलांखेरीज काही नव्हतं. भाऊ आम्हाला तोंडावर वाळवंट म्हणायचे. चौथा मजला त्यांचा, म्हणून अर्थातच बर्फ. तिथे महापालिकेचं पाणी चढायचं नाही आणि भाऊंना कळशा वाहाव्या लागायच्या. पण बर्फात राहायचं म्हटल्यावर एवढं चालायचंच, असं त्यांचं मत होतं.

प्रत्येक मजल्यावर ते थांबायचे, दोन घोट पाणी प्यायचे आणि जिन्याच्या खिडकीतून बाहेर बघायचे. पूर्वेला मिठागरं दिसायची, त्यात मिठाचे पांढरे ढीग. "तसा असतो बर्फ," ते मला सांगायचे. "फक्त वर." मग माझ्याकडे निरखून बघायचे. "डोकं दुखतंय? नाय ना? मग चल."

डोकं दुखत असायचंच, पण ते त्यांच्यामुळे.

भाऊंची बायको, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या काकी, मात्र आफ्रिकेला कधीच गेल्या नाहीत. नवरा तिकडे डोंगर बघत होता तेव्हा त्या गावी सासू-सासऱ्यांची, दिरांची, दिरांच्या पोरांची उस्तवार करत होत्या. पुढे काही वर्षं कुर्ल्याला पुतण्याकडे राहिल्या, तिथेही चूल दुसऱ्याचीच. मुलुंडची ही दोन खोल्यांची जागा त्यांच्या आयुष्यातलं पहिलं स्वतःचं घर. मूलबाळ नव्हतं. बोलणं अस्सल मालवणी, आणि भाऊंच्या डोंगरावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "अर्ध्यारसून पळान इलो," एवढ्या तीन शब्दांत त्या सगळी मोहीम उरकायच्या. भाऊ खूश होऊन हसायचे.

इमारतीत नुकते रंगीत टीव्ही यायला लागले होते त्या सुमाराची गोष्ट. एका दुपारी काकी ओट्यापाशी कोसळल्या. आम्ही चौघांनी त्यांना लाकडी खुर्चीत बसवून खाली आणलं. त्या शुद्धीवर नव्हत्या. इस्पितळातून सोडताना डॉक्टर म्हणाले, हृदय फार कमजोर झालंय, जिना विसरा. भाऊंनी विचारलं, "साहेब, एक मजला तरी?" डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे वळता वळता म्हणाले, "एक मजला ठीक आहे हो."

झालं. एवढं एक वाक्य घेऊन भाऊ घरी आले.

इमारतीच्या दारात काकींना रिक्षातून उतरवलं तेव्हा कुर्ल्याचा पुतण्या हजर होता. त्याचं घर तळमजल्यावर. तो म्हणाला, "काकी, आमच्याकडे चला." काकी म्हणाल्या, "माका माज्या घराक जावचा हा."

"मग खुर्चीतून नेतो वर," मी म्हणालो. "मागच्यासारखं."

काकींनी माझ्याकडे रोखून बघितलं. "चौघांनी उचलून जावचा ता एकदाच. मागच्या येळाक माका सूद नव्हती. आता जिती आसय मी."

आमच्याकडे कोकणात जित्या माणसाला चौघांनी उचलणं वाईटच मानतात, आणि काकी ऐकणाऱ्यांतल्या नव्हत्या. तेव्हा भाऊ पुढे झाले. "डॉक्टर एक मजला ठीक बोललेत ना? मग आज एकच चढू. उद्या एक. मजल्यागणिक मुक्काम."

पुतण्याने कपाळावर हात मारला. "काका, वेड लागलंय काय तुम्हाला? हा काय डोंगर आहे?"

"डोंगरच तो," भाऊ म्हणाले.

हसावं की रडावं ते कळेना. पण कांबळ्यांनी पहिल्या मजल्यावरून हाक दिली, "भाऊ, आमच्याकडे खाट रिकामी आहे. आणा काकींना." आणि ती मोहीम निघाली. पुढे भाऊ, त्यांच्या कमरेचा पट्टा धरून काकी, मागे हात पसरून मी आणि पुतण्या. प्रत्येक पायरीवर भाऊ थांबायचे, वळून काकींचे ओठ बघायचे. काकी म्हणायच्या, "तोंड काय बघतास? चला!"

त्या रात्री जंगलात मुक्काम झाला. कांबळेवहिनींनी नाचणीची पेज केली. दुसऱ्या दिवशी मणिबेनकडे. तिथे पोचेपर्यंत काकींच्या पायांना सूज आली होती, म्हणून भाऊंनी एक दिवस विश्रांती जाहीर केली. डोंगरावर अशी विश्रांती लागतेच, असं ते मणिबेनना समजावत होते आणि मणिबेन काकींना खिचडी भरवत होत्या. इमारतीतले लोक मुक्कामाला येऊन भेटून जायचे. काकी गादीवर बसून सगळ्यांना सांगायच्या, घरी गेल्यावर पहिल्यांदा सोलकढी करणार. मला वाटतं, इतकी माणसं त्यांच्याभोवती आयुष्यात प्रथमच जमली असावीत. त्या चक्क मजेत होत्या.

मग तिसरा मजला, म्हणजे आमचा.

हा चढ वाईट गेला. वळणावर काकी खाली बसल्या त्या उठेचनात. भाऊंनी त्यांचे ओठ बघितले. मीही बघितले. जांभळट दिसत होते. भाऊंचा चेहरा उतरला. त्यांनी पाण्याची बाटली उघडली, पुन्हा बंद केली आणि हळूच म्हणाले, "सुमती, खाली जाऊया. कुर्ल्याला जाऊ. थोडे दिवस."

काकी दम घेत घेत म्हणाल्या, "तुमच्या डोंगरारसून तुमी परत इलास. मी नाय परतूचय."

खाली म्हणायचा हक्क वाटाड्याचा. ही गोष्ट भाऊंनी आम्हाला शंभरदा ऐकवली होती. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्यांनी काकींच्या कपाळावरचा घाम पुसला, पदर सारखा केला आणि पट्टा पुन्हा त्यांच्या हातात दिला. ते खाली म्हणाले नाहीत. त्यांच्या जागी मी असतो तर म्हणालो असतो का, हे मी आजपर्यंत ठरवू शकलेलो नाही.

आमच्याकडे त्या बऱ्या होत्या. रात्री वरणभात जेवल्या. नलूला म्हणाल्या, "तुजा वाळवंट बरा आसा गो." सकाळी भाऊ लवकर उठले, चहासुद्धा न घेता वर गेले. घर बरेच दिवस बंद होतं, खिडक्या उघडून ठेवतो म्हणाले. काकींनी नलूकडून केस विंचरून घेतले. आज घरी जायचं म्हणून वेणी हवी होती. नलूने गजरा माळला. काकींनी आरशात बघितलं, बशीतला चहा संपवला, भिंतीला पाठ टेकली आणि गेल्या. आम्हाला दोघांना क्षणभर कळलंही नाही.

मी दारात जाऊन वर हाक मारली. काय शब्द वापरले ते आठवत नाही. भाऊ खाली आले. त्यांचे हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते. मला वाटलं, बंद घरातली जाळीजळमटं काढत असतील. त्या हातांनी काकींना शिवायला ते तयार होईनात. नलूने पाणी आणून ते धुतले, मग ते काकींच्या शेजारी बसले.

पुतण्या आला, तो येतानाच बोलत आला. डोंगराच्या खुळापायी काकींचा जीव घेतलात म्हणाला. सगळ्यांदेखत म्हणाला. भाऊंनी मान डोलावली. मला पुतण्याचा राग आला आणि तो बोलतोय ते खोटं नाही म्हणून आणखी राग आला. तयारी झाली. ओळखीतले एक म्हातारे गृहस्थ काय कसं करायचं ते सांगत होते, ते म्हणाले, "चला, उचला आता. खाली घ्या."

"वर," भाऊ म्हणाले.

"काय?"

"आधी वर. तिचं घर वर आहे."

"अहो परुळेकर, मयत कधी जिना चढवतात काय? शास्त्र आहे काही!"

भाऊ कुणाशी कधी भांडले नव्हते. तेव्हाही भांडले नाहीत. जिन्यात उतरायच्या वाटेवर उभे राहिले, एवढंच. म्हातारे गृहस्थ पुतण्याकडे बघू लागले. पुतण्या भिंतीकडे बघत होता. मग कांबळे पुढे आले आणि त्यांनी पायाकडची बाजू उचलली. दुसऱ्या बाजूला पुतण्याच आला. डोक्याकडे मी आणि मणिबेनचा मुलगा. काकी एवढ्या हलक्या असतील असं मला वाटलं नव्हतं. आम्ही चौथ्या मजल्याचं वळण घेतलं आणि कांबळे एकदम थांबले.

भाऊंच्या दाराला आंब्याच्या पानांचं तोरण होतं, कोवळं, ताजं. उंबऱ्यापुढे जिन्याच्या तोंडापर्यंत सगळी जागा भरून रांगोळी काढलेली होती. फिटर माणसाच्या हातची. ठिपके एका रेषेत नव्हते, कमळाच्या पाकळ्या कमीजास्त झाल्या होत्या, कोपऱ्यात दोनदा पुसून पुन्हा काढलेलं कळत होतं. रंग भरायचे अर्धे राहिले होते. रांगोळीचा डबा तिथेच उघडा पडला होता.

मागून नलूचा हुंदका ऐकू आला. कांबळ्यांचा एक पाय वरच्या पायरीवर, दुसरा खाली. त्यांनी विचारलं, "भाऊ, पाय कुठं ठेवू?"

भाऊ भिंतीला घासत आमच्या कडेने वर आले. वाकून त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि डबा बाजूला घेतला.

"ठेवा रांगोळीवरच," ते म्हणाले. "ती येईपर्यंत राहायला हवी होती. राहिली."