आप्पांची अरुंद चाकांची मोटार

आमच्या गल्लीतल्या आप्पा रिसबुडांनी आपल्या मोटारीची चाकं काढली आणि तिला बैलगाडीसारखी अरुंद चाकं बसवली. आधीची चाकं चांगली होती. त्यांत काही बिघाड नव्हता.

आप्पा देवासला सरकारी पागेवर होते. नोकरी संपल्यावर ते धारला राहायला आले, आणि येताना तिथल्या एका सरदारांनी टाकून दिलेली मोटार घेऊन आले. घरात मोटारीशिवाय दुसरं कोणी नव्हतं. बायको पूर्वीच वारली होती. एकुलती मुलगी द्वारका अमझेऱ्याला दिलेली. आता आप्पाही गेले. सकाळी मोटार सुरू करण्याचा तो अर्ध्या तासाचा खटाटोप बंद झाला, आणि मला वाचायला हवी तेवढी शांतता मिळते. ती मला नको आहे.

चाकांचं कारण द्वारकाच होती. पहिल्या खेपेला तिला बाळंतपणासाठी बैलगाडीतून माहेरी आणताना हिसके बसले आणि वाटेतच सगळं संपलं. दुसऱ्या खेपेला सासरहून निरोप आला, आता गाडीनं पाठवणार नाही. आप्पांनी उलट निरोप धाडला, मोटारीनं आणतो.

“मास्तर, हिसका का बसतो?” मी शाळेतून येत असताना त्यांनी मला अडवून विचारलं.

“रस्ता खराब असतो म्हणून.”

“चूक. चाक चाकोरीतून बाहेर उडतं म्हणून. गाड्यांनी वर्षानुवर्षं घासून दोन गुळगुळीत चाकोऱ्या केल्यात. माझी चाकं रुंद, आत मावत नाहीत. अरुंद केली की आगगाडीसारखी जाईल. मोजलंय मी.”

‘मोजलंय मी’ यापुढे आप्पांशी वाद नसे. पापड भाजल्यावर किती आकसतो, हेही त्यांनी मोजलं होतं.

रामलाल सुताराने लाकडी आरे घालून चार चाकं केली, त्यांवर जुन्या रबराच्या पट्ट्या ठोकल्या आणि मोटारीभोवती एक फेरी मारली. “आप्पासाब, यो कंई करी रिया हो? अब इसमें बैल भी जोतोगा?”

“भिया, तू पट्टी ठोक. बैलों का मैं देख लूँगा.”

पहिल्या फेरीला मला मागे बसवलं. अमझेऱ्याच्या रस्त्यावर डावी चाकं चाकोरीत अलगद उतरली. उजवी उतरली नाहीत. मोटार बैलगाडीपेक्षा वीतभर रुंद होती, त्यामुळे ती उजव्या चाकोरीच्या बाहेर, उंचवट्यावरून चालली.

“आप्पा, आपण कलतोय.”

“कलत नाही. तुम्ही सरळ बसलायत म्हणून तसं वाटतं.”

कोसभर गेल्यावर त्यांनी मोटार थांबवली, उतरले आणि दोन चाकोऱ्यांमध्ये उभे राहिले. “चाकोरीची रुंदी मोजली,” ते म्हणाले. “मधलं अंतर राहिलं.” एवढंच बोलले, आणि घरी आल्यावर त्यांनी मागच्या बैठकीच्या डाव्या बाजूला पाचर मारून घेतली. मोटार कलली तरी बसणारा सरळ राहिला पाहिजे. मग पंधरा दिवस रोज मी मांडीवर ताकाचं पातेलं घेऊन त्या बैठकीवर बसत होतो.

“किती सांडलं?”

“काल धोतर भिजलं होतं. आज नुसता सोगा.”

ज्या दिवशी काहीच सांडलं नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही अमझेऱ्याला गेलो. द्वारका दारात उभी होती. विहीणबाई बाहेर आल्या, मोटारीकडे मान तिरकी करून पाहिलं आणि स्वतःच आत जाऊन बसल्या. “आधी मला फिरवा.” आप्पांनी त्यांना वेशीपर्यंत नेऊन आणलं. उतरून त्यांनी पदर सारखा केला.

“व्याही, मोटार झकास आहे. सून येणार नाही.”

आप्पा वाद घालतील असं मला वाटलं. ते द्वारकेकडे पाहत म्हणाले, “बरोबर आहे.”

मग मला हळूच म्हणाले, “मास्तर, तुम्ही टांग्यानं जा. मोटार बिघडली आहे.”

मोटार दोन महिने बिघडलेली होती. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. म्हणून आप्पा विहीणबाईंच्या परसामागच्या चिंचेखाली, मोटारीतच राहिले. तीन दगडांची चूल मांडून खिचडी करत. विहीणबाई विचारत, “व्याही, अजून दुरुस्त नाही?” आप्पा सांगत, “महूहून एक भाग यायचाय.” सकाळी परसाचं दार उघडून द्वारका बाहेर आली की ते एकदाच भोंगा वाजवत. ती हात वर करी. एवढंच. मी रविवारी गेलो की माझ्याशी मात्र ते इंजिनाबद्दल बोलत.

मुलगी झाली. दोघी सुखरूप. बारशाच्या दिवशी विहीणबाई स्वतः चिंचेखाली येऊन त्यांना पानावर घेऊन गेल्या. मी आप्पांच्या शेजारी बसलो होतो. लेकीच्या घरचं त्यांचं हे पहिलंच जेवण. त्या दिवशीच्या गडबडीत वरणात मीठ घालायचं राहून गेलं होतं. पंगतीत सगळ्यांनी गुपचूप पानातलं मीठ कालवून घेतलं.

आप्पांनी घेतलं नाही. त्यांनी वरण तीनदा मागितलं.