दौलतभाऊंची मागची खिडकी

आमच्या शाळेच्या बोर्डिंगचे गृहपती दौलतभाऊ पाहुण्याचा रामराम घेण्याआधी त्याची पिशवी उचलून बघत. जाताना पुन्हा उचलत. जड लागली, की इमारतीची एखादी बिजागरी गेली असं धरून पिशवी रिकामी करायला लावत. गडचिरोलीकडे मी नवा मास्तर म्हणून गेलो, तेव्हा माझी वळकटीही त्यांनी तोलली होती. "डाव हाये, मास्तर," हे त्यांचं पालुपद. साहेब तपासणीला आला तरी डाव, भाजीत मीठ जास्त पडलं तरी डाव.

इमारत मुळात एका जमीनदाराचं मोहफुलं साठवायचं कोठार. हातभर जाड मातीच्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर, मधोमध सागाचे खांब आणि खिडक्यांना मनगटाएवढे सागाचेच गज. पुढे जमीनदाराने ते शाळेला दिलं आणि मोहाच्या जागी पोरं आली. दमट हवेत भिंतींना अजून मोहाचा आंबूस वास येई. "या सागावर साऱ्यायचा डोळा हाये," म्हणत भाऊ रोज संध्याकाळी एकेक गज हलवून बघत.

मागच्या खिडकीला मात्र हात लावत नसत. मला राहवेना. एका दुपारी मी तिथला गज धरला, तर तो अलगद वर उचलून हातातच आला! खालची खाच कोणीतरी कोरून मोठी केलेली होती. जगाच्या पिशव्या तपासणारा हा गृहस्थ स्वतःच साग विकतो की काय? मी गज होता तसा बसवला आणि भाऊंवर पाळत ठेवली.

उन्हाळ्याच्या तोंडी ओव्हरसियर लोखंडी गज घेऊन आला. मोह फुलला, की आमची पोरं आईबरोबर फुलं वेचायला घरी पळत. ते बंद करायचा वरून हुकूम होता. भाऊ मागच्या खिडकीला पाठ लावून उभे राहिले. "हे पक्की हाये. इथी काम नाई."

मी त्यांना बाजूला घेतलं. "भाऊ, किती गज विकले?"

"विकीन काऊन?" भाऊ भडकले, मग एकदम खाली बसले. "मी बी इथीच शिकलो, मास्तर. माय एकटीच मोह वेचाले जाये. मी इथी लय गज हलवला, निघाला नाई. त्या साली झाडाखाली अस्वलानं तिले..."

मी ओव्हरसियरला जाऊन सांगितलं, "मागची पक्की आहे. मी स्वतः पाहिली."

मोह फुलला आणि एका सकाळी अर्ध्या सतरंज्या रिकाम्या निघाल्या. मी हजेरी घेतली, तर भाऊच आवाज बदलून बदलून "हजर" म्हणत होते. नंतर मागच्या खिडकीशी जाऊन जंगलाकडे बघत बसले.

"पोट्टं संगं असलं, आरडलं, का अस्वल पळते ना, मास्तर?"

मला अस्वलांचं काय ठाऊक! "पळतं, भाऊ," मी म्हणालो.